मुंबईला गेले ते आणि मागे राहिल्या त्या

आपल्या मंडळाला यंदा पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत आणि स्मरणिकेसाठी प्रत्येकीने काही ना काही लिहून द्यावे असे ठरले. कोणी पाककृती दिल्या, कोणी संतांविषयी लिहिले. चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुम्हांला जुन्या गोष्टी वाचायचा नाद आहे, तुम्ही इतिहासावर लिहा." मला हसूच आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. अफझलखानाचा वध आणि पानिपतची लढाई एवढीच माझी शाळेतली शिदोरी. पण रात्री भांडी घासता घासता मनात आले की, लढाया सोडून आणखीही एक इतिहास आहे आणि तो आपल्या प्रत्येकीच्या घरात आहे.

आपल्या या चार इमारतींत मूळचे येथलेच असे एकही घर नाही. कोणी चिपळूण-गुहागरकडचे, कोणी मालवणचे, कोणी कराड-पाटणचे. सगळीच बिऱ्हाडे कधीतरी कोठून तरी उठून आलेली. आणि आता इमारती पाडून नव्या बांधायच्या म्हणून दर भिशीला एकच विषय निघतो. गावी परत जावे, की मुलांमागे पुण्याला जावे, की भाड्याच्या जागेत दिवस काढून नव्या घराची वाट पाहावी? प्रत्येकीचे यजमान वहीत आकडे मांडून बसले आहेत. आमच्याकडेही तेच चालले आहे. तेव्हा मी म्हटले, हा हिशेब आपल्या आज्या-पणज्यांच्या वेळी कसा झाला होता ते जरा पाहावे. पुस्तके वाचनालयातून आणली, खानेसुमारीचे आकडे मुलीने शोधून दिले, आणि घरचे तेवढे माझे आहे.

मुंबईत कापडाची पहिली गिरणी काढण्याचे कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 साली ठरवले आणि 1856 साली ताडदेवला ती सुरू झाली. त्याच्या थोडे आधी, 16 एप्रिल 1853 रोजी, बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली होती. पुढे अमेरिकेत आपसांतले युद्ध पेटले, 1861 ते 1865 तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध थांबले तसे भाव कोसळून मुंबईतले मोठमोठे सावकार बुडाले. पण गिरण्या वाढतच गेल्या. परळ, लालबाग, शिवडी, वरळी, भायखळा या भागात भोंग्यांवर घड्याळ लावावे अशी स्थिती झाली. गिरणी म्हटली की हात हवेत. ते हात कोकणातून आणि घाटावरून आले.

आले ते हौसेने आले असे कोणी समजू नये. रत्नागिरी जिल्ह्यात जमीन म्हणजे कातळ आणि डोंगरउतार. भात खाचरात तेवढे, बाकी वरकस जमिनीवर नाचणी आणि वरी. पाऊस उदंड, पण दिवाळीनंतर विहिरी तळाला जातात. त्यात खोती. खोत म्हणजे सरकार आणि कुळे यांच्या मधला सारा गोळा करणारा. पण गावात त्याचा शब्द सरकारच्या शब्दाहून मोठा. पिकातला वाटा त्याला द्यायचा आणि वर वेठही करायची. कुलाबा जिल्ह्यात चरी गावच्या शेतकऱ्यांनी या जाचापायी 1933 पासून सहा वर्षे जमिनी पडीक ठेवल्या, नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी होते. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 साली खोती मोडण्याचे विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात मांडले. खोती प्रत्यक्ष गेली ती स्वराज्य आल्यावर, 1949 च्या कायद्याने. तोवर दोन-तीन पिढ्यांनी मुंबई गाठलेली होती. खोताला रोख द्यायचे तर रोख कोठून आणायचे? मुंबईहून.

म्हणून 1921 च्या खानेसुमारीत मुंबईतल्या दर शंभर माणसांपैकी ऐंशीहून अधिक माणसे बाहेर जन्मलेली निघाली, आणि दर पाचांतला एक जण एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेला होता. त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही आला, हे लक्षात ठेवावे. पण मला सगळ्यांत थक्क केले ते दुसऱ्याच आकड्याने. त्या वर्षी मुंबईत हजार पुरुषांमागे साडेपाचशेही स्त्रिया नव्हत्या. म्हणजे जवळजवळ निम्मे पुरुष बिनबायकांचे. मग त्यांच्या बायका होत्या कोठे? त्या होत्या आमच्या गावी. तेथला आकडा उलटा.

माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, त्यांतलीच एक. आमचे गाव गुहागर तालुक्यात, खाडीपासून आत. आजोबा 1934 साली दाभोळहून आगबोटीत बसले. तेव्हा किनाऱ्यावरून पडावात बसून मोठ्या बोटीपर्यंत जावे लागे, आणि पडाव हेलकावे खात असताना खलाशी माणसांना हाताला धरून वर ओढून घेत. बोट लागून अर्धे लोक ओकाऱ्या काढत मुंबईच्या धक्क्याला उतरत. पावसाळ्यात बोट बंद, म्हणजे चार महिने मुंबई आणि गाव यांचा संबंध फक्त टपालाचा. दर्या सगळ्यांना सुखरूप पोचवीच असेही नाही. 17 जुलै 1947 रोजी 'रामदास' बोट मुंबईहून रेवसला जाताना बुडाली आणि सहाशेंच्या वर माणसे गेली. स्वराज्याला महिनाही उरला नव्हता. आमच्या गावचे त्यांत कोणी नव्हते. पण आजी सांगे की, त्यानंतर कित्येक दिवस गावातल्या बाया पाण्याला जाताना समुद्राचे नाव काढीत नसत.

आजोबांनी गिरणीत 34 वर्षे काढली. वर्षातून एकदा, शिमग्याला नाहीतर वैशाखात, महिनाभर घरी येत. मी एकदा सहज हिशेब केला. चौतीस वर्षांचे चौतीस महिने. लग्न होऊन आजी-आजोबांनी एका छपराखाली काढलेले दिवस तीन वर्षेसुद्धा भरत नाहीत. पुढे 1968 साली ते कायमचे घरी आले ते खोकला घेऊनच. कापसाची बारीक धूळ छातीत बसलेली. सहा वर्षे ओसरीवर बसून खोकले आणि गेले. आजीने सेवा केली. ती म्हणायची, "तरणेपणी गिरणीने वापरला, म्हातारपणी माझ्याकडे धाडला." हे ती रागाने म्हणत नसे, गवत तोलावे तशी सरळ सांगायची.

मनीऑर्डरचा उल्लेख केल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. सरकारी टपालखात्याने मनीऑर्डर सुरू केली 1880 साली, आणि कोकणातली घरे तेव्हापासून तिच्यावर उभी आहेत असे म्हटले तरी चालेल. आजोबांकडून महिन्याला दहा रुपये येत, पुढे पंधरा. पोस्टमनच कुपनावरचा मजकूर वाचून दाखवी, तोच अंगठा घेई, उत्तरही तोच लिही. नवऱ्याला सांगायची गोष्ट परक्या माणसाच्या तोंडून आणि हातून जायची, तेव्हा आजी काय सांगणार? "सर्व खुशाल आहे. गाय व्याली. पैसे पोचले." माझ्या दोन आत्या लहानपणीच तापाने गेल्या. तेही असेच पोस्टमनने लिहिले असणार. आणि त्या दहा रुपयांत घर चालत होते असा समज मात्र चुकीचा आहे. खोताचे देणे आणि वाण्याची उधारी त्यांत फिटे. पोट भरे ते आजीच्या नांगरणी-लावणीवर, तिने राखलेल्या गुरांवर आणि डोक्यावरून विकायला नेलेल्या लाकूडफाट्यावर. आजारी पडलेला गडी गावी येई, संप झाला की गावी येई, म्हातारा झाला की गावी येई. गिरणीने पगार दिला तो माणूस धडधाकट असल्या दिवसांचा. बाकीचे दिवस कोणी पोसले? हा खर्च कोणत्याही मालकाच्या वहीत नाही.

आता मुंबईकडची बाजू पाहू. एकटे आलेले गडी गावकीच्या खोलीत राहत. एका गावच्या माणसांनी मिळून खोली घ्यायची, वीस-तीस जणांनी भाडे वाटून घ्यायचे. पाळ्यांमुळे निभे. एक झोपून उठला की त्याच वळकटीवर दुसरा. खुंटीला ट्रंका आणि कपडे, आणि निजायला पुष्कळदा जिना, पदपथ. जेवण खाणावळीत. खाणावळ म्हणजे पाटी लावलेले हॉटेल नव्हे, बरे का. एखादी गावचीच बाई, बहुधा विधवा किंवा नवरा कामावर नसलेली, आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा-वीस जणांचे दोन वेळचे रांधायची. पैसे महिन्याच्या पगारावर. संप झाला की ही बाईच उधारीवर जेवू घाले. मग डाळ-तांदळासाठी स्वतः सावकाराकडे मंगळसूत्र ठेवी. या खाणावळवाल्या बायांना कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. गिरण्या सुरू झाल्यावर सव्वाशे वर्षांनी कोणाच्या तरी ध्यानात आले की, हे कामगार कोणाच्या हातचे जेवून कामावर जातात!

काही स्त्रिया गिरणीतही होत्या. 1920 च्या सुमारास कामगारांत पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. रिळाच्या आणि वाइंडिंगच्या खात्यांत त्या असत. रविवारची सुट्टी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1890 साली जी मोठी सभा भरवली तीत दोन कामगार बायाही बोलल्या, आणि त्याच वर्षी जूनमध्ये सुट्टी मंजूर झाली. आपल्या घरी रविवारी मटण शिजते आणि मुले उशिरा उठतात, ते त्या सभेमुळे. बाळंतपणाच्या रजेचा कायदा मुंबई इलाख्यात 1929 साली झाला. कायदा चांगला, पण त्याच्यानंतर मालकांनी बाया घेणे कमी केले. नवी यंत्रे आली, रात्रपाळ्या आल्या, आणि बायांचे खाते हळूहळू आटत गेले.

मुंबईने माणसे बोलावली खरी, पण ती राहणार कोठे याचा विचार कोणी आधी केला नव्हता. त्याचे फळ 1896 साली मिळाले. त्या वर्षी सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग आढळला. डॉक्टर अकाशिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. आठ लाखांहून अधिक वस्तीच्या या शहरातून फेब्रुवारी 1897 पर्यंत जवळजवळ निम्मे लोक पळाले. ज्या वाटेने आले त्याच वाटेने परत. मुंबई सोडून गावी जाणे शहाणपणाचेच होते. पण कित्येकांबरोबर रोगही गावी गेला. गिरण्यांत कामाला माणूस मिळेना, तेव्हा मालक रोजच्या रोज रोख पैसे मोजू लागले. म्हणजे देणे शक्य होते! मग 1898 साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, त्याच्या चाळी झाल्या. पुढे 1920 साली डेव्हलपमेंट खाते निघाले, त्याच्या वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथल्या 207 चाळी म्हणजेच बीडीडी चाळी. खोली साधारण 160 चौरस फुटांची. आज आपण त्यांना कोंडवाडे म्हणतो, पण त्या वेळी पक्की भिंत आणि नळाचे पाणी ही चैन होती.

अशा एका खोलीच्या घरांत मुले कशी जगली असतील? 1921 साली मुंबईत जन्मलेल्या हजार मुलांमागे वर्षाच्या आत मरणाऱ्यांचा आकडा सहाशेंच्या वर नोंदला गेला. मी तो दोनदा वाचला. मुलीला म्हटले, छापताना चूक झाली असेल. चूक नव्हती, पण त्यात एक मेख होती आणि ती कोणाही बाईला चटकन कळेल. पुष्कळ बाया बाळंतपणाला माहेरी, गावी जात. मूल जन्मले गावी, त्याची नोंद गावी. दोन-चार महिन्यांनी ते घेऊन आई मुंबईला परत आली आणि मूल दगावले, की मृत्यूची नोंद मुंबईत. जन्म इकडे कमी आणि मरणे जास्त, म्हणून आकडा फुगला. तरी फुगलेला भाग वजा केला म्हणून दुःख कमी होत नाही. गावच्या अंगणात चार महिने वाढलेले मूल मुंबईच्या खोलीत दगावले, याचाच तो आकडा आहे.

येथे मला माता रमाबाई आंबेडकरांची आठवण होते. त्याही आमच्याच बाजूच्या, दापोलीजवळच्या वणंद गावच्या. लहानपणी आईवडील गेले, मामा-काका मुंबईला घेऊन आले, आणि 1906 साली भायखळ्याच्या बाजारात, बाजार उठल्यावर रात्री, त्यांचे लग्न लागले. बाबासाहेबांच्या वडिलांनी मुलांच्या शिक्षणासाठी मुंबई धरली होती. त्यांच्या दृष्टीने शहरात येण्याचा फायदा केवढा झाला हे साऱ्या जगाला ठाऊक आहे. गावी शाळेत बाहेर बसावे लागणारा मुलगा मुंबईत 1907 साली मॅट्रिक झाला, एल्फिन्स्टन कॉलेजात गेला, पुढे अमेरिकेला गेला. शहर नसते तर हे होणे कठीण होते. शहरात सगळे समान होते असेही नव्हे. गिरणीतल्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत, कारण तेथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि इतरांना त्याचा विटाळ वाटे. पगार मात्र त्याच खात्यात जास्त होता.

पण रमाबाईंच्या बाजूने तोच हिशेब मांडून पाहा. परळच्या ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्या. पती 1913 ते 1917 आणि पुन्हा 1920 ते 1923 समुद्रापार. हातात पैसा नाही. पाच मुले झाली, त्यांतला एकटा यशवंत जगला. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चारही गेली. दादरला 'राजगृह' बांधून झाल्यावर थोडे सुखाचे दिवस आले तोच 27 मे 1935 रोजी त्यांनी डोळे मिटले. मुंबईला येऊन आंबेडकर घराण्याला काय मिळाले, असे विचारले तर उत्तर सोपे आहे. कोणी किती दिले, असे विचारले तर ते तेवढे सोपे नाही. बाबासाहेबांनी स्वतः ते जाणले होते. आपला एक ग्रंथ त्यांनी रमाबाईंना अर्पण केला आहे.

आता आमच्या घरचा पुढला अध्याय. आजोबांच्या जागी माझे वडील गिरणीत लागले आणि त्यांनी मात्र आईला मुंबईला आणले. लालबागच्या बाजूला एक खोली. आईला ती खोली म्हणजे राजवाडा वाटली, कारण नळ! कॉमन नळ, चाळीच्या टोकाला, सकाळी दोन तास. पण डोंगर उतरून विहिरीवर जायला नको. ती आठ गड्यांचे जेवण करायची, त्यातून तिने दोन बांगड्या केल्या. माझा आणि माझ्या थोरल्या भावाचा जन्म तेथलाच. एकदा आजी डोळे दाखवायला मुंबईला आली होती. चार दिवस राहिली. पाचव्या दिवशी म्हणाली, "सूर्य कोठून उगवतो ते येथे कळतच नाही, मला धाडा." आणि गेली.

18 जानेवारी 1982 रोजी डॉक्टर दत्ता सामंतांच्या पुढारपणाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आईच्या खाणावळीतले आठही गडी संपावर. तिने तीन महिने उधारीवर जेवू घातले. मग बांगड्या गेल्या, मग भांडी. आठांतल्या पाचांनी पुढे कधीतरी पैसे फेडले, तिघे दिसलेच नाहीत. त्यांना दोष देत नाही, तेही कोठे तरी उपाशीच असतील. संप मागे घेतला असे कोणी कधी जाहीर केले नाही, तो विरून गेला. 1983 साली वडिलांनी आम्हांला गावी पोचवले. ते स्वतः मिळेल ते काम करत मुंबईतच राहिले. भावाला काकांकडे ठेवले, कारण तो मुलगा आणि त्याची शाळा बुडू नये. मी चार वर्षांची, मला गावी आणले. गावात शाळा सातवीपर्यंत.

गावी मी सुखात वाढले, हे आधी कबूल करते. आजीच्या हाताखाली लावणी शिकले, पेजेची चव शिकले, कोणते पान कशावर लावायचे ते शिकले. मुंबईच्या खोलीत मला अंगण मिळाले नसते. पण 1992 साली सातवी झाले तेव्हा हायस्कूल पाच मैलांवर, मध्ये पऱ्ह्या, पावसाळ्यात वाट बंद. गुरुजी घरी येऊन आईला म्हणाले, "पोरगी हुशार आहे, कोठे तरी ठेवा." आईने वडिलांना पत्र घातले. काकांच्या खोलीत आधीच सात माणसे होती. वडिलांचे उत्तर आले, "सध्या राहू दे." ते "सध्या" अजून संपलेले नाही. तोच भाऊ मुंबईत राहून दहावी झाला, नोकरीला लागला. गाव सोडण्याचा फायदा त्याला मिळाला, गावी परतण्याचा तोटा मला. दोघे एकाच घरचे. त्याच्यावर माझा राग नाही, राखीला तो साडी आणतो. पण घराचा हिशेब "एकूण बरा जमला" असे जेव्हा मोठी माणसे म्हणतात तेव्हा मी पाणी आणायच्या निमित्ताने आत जाते.

1999 साली लग्न होऊन मी येथे आले. कोकण रेल्वे आदल्या वर्षी 26 जानेवारीला पुरी सुरू झाली होती, त्यामुळे मी नवरी म्हणून चिपळूणला गाडीत बसले आणि संध्याकाळी सासरी पोचले. आजीने दाभोळच्या धक्क्यावर नवऱ्याला निरोप दिला होता. मी खिडकीतून आईला हात केला. घरात स्वतःचा नळ. पहिल्या दिवशी मी तो तीनदा उघडून पाहिला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, बिल येते हो." शहराने मला काय दिले ते मी विसरत नाही. माझी मुलगी पदवीधर झाली. रात्री तिला झटका आला होता तेव्हा दवाखाना दहा मिनिटांवर होता. वाचनालय मिळाले, हे मंडळ मिळाले. गावी चार बायका एकत्र जमायच्या त्या लावणीला किंवा मयताला. आणि काय घेतले तेही सांगते. आईच्या शेवटच्या आजारात फोन आला तेव्हा रात्रीची गाडी भरलेली, दुसऱ्या दिवशीची मिळाली. मी पोचले तेव्हा अंगणात माणसे परतलेली होती. पदर ओला करून दाराशी बसले, दुसरे काय करणार!

आज गावी गेले तर निम्म्या घरांना कुलपे. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 2001 साली सुमारे 17 लाख होती, 2011 च्या मोजणीत ती 16 लाख 15 हजारांवर उतरली. देशाची माणसे वाढत असताना आमच्या जिल्ह्याची घटली. तरीही हजार पुरुषांमागे अकराशेंवर स्त्रिया, म्हणजे शंभर वर्षांनंतर अजून त्या मागेच राहिलेल्या. तिकडे गिरण्यांच्या जागी उंच इमारती झाल्या. गिरणी कामगारांच्या घरांची मोठी सोडत म्हाडाने 2012 साली काढली. वडिलांनी अर्ज केला होता, कागदही जपून ठेवले होते. नंबर लागला नाही. ते कागद आता भावाकडे आहेत.

म्हणून भिशीत जेव्हा कोणी विचारते की शहर बदलावे की नाही, तेव्हा मला सरळ उत्तर देता येत नाही. आमच्या यजमानांनी वहीत दोन रकाने पाडले आहेत, एकीकडे पुणे आणि एकीकडे गाव. भाडे, पेन्शन, औषधपाणी, सगळे नीट मांडले आहे. मी तेवढेच म्हटले की, प्रत्येक रकमेपुढे नावही लिहा, हा फायदा कोणाचा आणि हा त्रास कोणाचा. ते क्षणभर पाहत राहिले. मग चष्मा लावून लिहू लागले. गावच्या रकान्यात "मोकळी हवा" होते, त्याच्यापुढे त्यांनी स्वतःचे नाव घातले. "सरपण, पाणी, पाहुणे" याच्यापुढे माझे घालताना त्यांनी पेन जरा थांबवला. पुण्याच्या रकान्यात "मुलीला सोबत" होते. तेथे कोणाचे नाव घालायचे यावर आमचे अजून एकमत झालेले नाही. मुलीला विचारावे म्हणतो.

मुलीला पुण्यात नोकरी लागली आहे आणि तिने दोघी मैत्रिणींबरोबर एक जागा पाहिली आहे. पुढल्या आठवड्यात मी ती बघायला जाणार आहे. येताना काय आणू म्हणून तिने विचारले नाही, मीच लोणचे आणि नाचणीचे पीठ बांधून ठेवले आहे. फोनवर ती भाड्याविषयी सांगत होती. मी तिला म्हटले, ते बाबांना सांग, मला आधी एवढे विचारून ठेव की, नळाला पाणी किती वाजता येते.